तुमच्या पॅनवर भलत्याच कुणाचा धंदा चालू असेल तर काय करायचं

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, पॅन बदलून मिळत नाही. एटीएम कार्ड हरवलं तर बँक ते ब्लॉक करून नवीन देते, पॅनचं तसं नाही, एकदा मिळाला की जन्मभर तोच, आणि दोन पॅन जवळ ठेवले तर १०,००० रुपये दंड आहे. त्यामुळे ‘जुना पॅन बाद करून नवीन काढून देतो, सगळं मिटेल’ असं कुणी एजंट म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका. नव्या पॅनने जुन्यावरची नोटीस जात नाही, उलट आणखी एक भानगड मागे लागते. आहे तोच नंबर साफ करून घ्यायचा. तो साफ होतो, वेळ लागतो पण होतो.

हे लिहितेय कारण पुण्यात नव्याने नोकरीला लागलेली कितीतरी मुलंमुली इनकम टॅक्सचं पोर्टल पहिल्यांदा उघडतात तेच मुळी नोटीस आल्यावर. नाहीतर गावाकडे वडिलांच्या नावाने कागद येतो आणि ते इकडे फोन करून विचारतात, बाळा हे काय आलंय बघ जरा. ज्या माणसाने आयुष्यात एकदाही रिटर्न भरलेलं नाही त्याच्या हातात कोट्यवधींच्या उलाढालीची नोटीस पडली की तो हबकतो, आणि मग एकतर कागद कपाटात ठेवून देतो नाहीतर पहिला जो कुणी ओळखीचा ‘टॅक्सवाला’ भेटेल त्याच्या हातात पैसे ठेवतो. दोन्ही करू नका.

सगळ्यात आधी, नोटीस खरी आहे का ते बघा

१ ऑक्टोबर २०१९ पासून इनकम टॅक्स खात्याच्या प्रत्येक नोटिशीवर, पत्रावर एक डॉक्युमेंट नंबर असतो, त्याला डीआयएन म्हणतात. इनकम टॅक्सच्या ई-फायलिंग पोर्टलच्या पहिल्याच पानावर, लॉगिन न करता, नोटीस खरी आहे का हे तपासायची सोय आहे, तिथे तो नंबर टाकला की लगेच कळतं. पोर्टलचा पत्ता स्वतः टाईप करा, इनकमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन, मेसेजमधल्या लिंकवरून जाऊ नका. व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली, खाली मोबाईल नंबर आहे आणि ‘आज संध्याकाळपर्यंत भरा नाहीतर अटक’ असं लिहिलंय तर ती नोटीस नाही, तो दुसराच चोर आहे. डिजिटल अरेस्ट नावाची कुठलीही गोष्ट कायद्यात नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पुन्हा पुन्हा सांगा.

नोटीस खरी निघाली तर उत्तर द्यायची शेवटची तारीख कुठे लिहिलीय ती शोधा आणि मोबाईलमध्ये रिमाइंडर लावा. बाकी सगळं मागेपुढे झालं तर चालेल, ही तारीख चुकली की अधिकारी समोर असलेल्या माहितीवरच निकाल देऊन टाकतो आणि समोरची माहिती तर तुमच्या नावाचीच असते.

एक संध्याकाळ काढा आणि काय काय झालंय ते बघा

तक्रार करायच्या आधी नुकसान किती पसरलंय ते समजलं पाहिजे. ज्याच्या हातात तुमचा पॅन गेलाय तो एकच काम करून थांबला असेल असं धरून चालू नका.

पहिलं पोर्टलवर लॉगिन. युजर आयडी म्हणजे तुमचा पॅनच. तुम्ही कधीच रजिस्टर केलेलं नाही आणि तरी पोर्टल म्हणतंय की हा पॅन आधीच रजिस्टर आहे, तर सावध व्हा, कुणीतरी तुमच्या नावाने खातं उघडलंय. पासवर्ड विसरलात या पर्यायात जाऊन आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी मागवा आणि खातं ताब्यात घ्या. आत गेल्यावर प्रोफाईलमध्ये मोबाईल आणि ईमेल कुणाचा आहे ते बघा, बँक खाती कुठली जोडलीत ते बघा कारण रिफंड तिथे जातो, आणि आधीच्या वर्षांची रिटर्न भरलेली दिसतायत का तेही बघा. दिसलं त्याचे स्क्रीनशॉट काढून मगच नंबर, ईमेल, पासवर्ड बदला. तिथेच ई-फायलिंग व्हॉल्ट म्हणून एक सेटिंग आहे, ते चालू केलं की नुसत्या पासवर्डवर लॉगिन होत नाही, आधार ओटीपी किंवा नेट बँकिंग लागतं. हे सेटिंग तर काही झालेलं नसलं तरी लावून ठेवावं असं आहे.

मग त्याच पोर्टलवरून एआयएस उघडा, म्हणजे वर्षभरात तुमच्या पॅनवर कुणीकुणी काय काय कळवलंय त्याची यादी. ही सोय नोव्हेंबर २०२१ पासून आहे. पीडीएफ डाऊनलोड केली की पासवर्ड मागते, तो म्हणजे लहान इंग्रजी अक्षरांत पॅन आणि त्याला चिकटून जन्मतारीख, दिवस महिना वर्ष. मागची चारपाच वर्षं एकेक करून उघडा. पगार, व्याज हे तुमचं तुम्हाला ओळखू येईल. ओळखू न येणारी नोंद दिसली की तिच्यावर क्लिक करा, आत कळवणाऱ्याचं नाव येतं, कुठली बँक, कुठली कंपनी. सेव्हिंग खात्यात वर्षाला १० लाखांच्या वर रोख भरली किंवा करंट खात्यात ५० लाखांच्या वर, तर बँकेला ते कळवावंच लागतं, ३० लाख आणि त्यावरची जमीनजुमल्याची खरेदीविक्रीसुद्धा कळवली जाते, त्यामुळे तुमच्या नावाने उघडलेलं खोटं खातं बऱ्याचदा इथेच पहिल्यांदा सापडतं. पेठेत राहणाऱ्या एका रिटायर्ड काकांच्या एआयएसमध्ये चक्क भाडं मिळाल्याची नोंद होती. काकांचं स्वतःचंच घर दोन खोल्यांचं, भाडेकरू कुठून येणार. कुणीतरी नोकरदाराने एचआरएची, म्हणजे घरभाडे भत्त्याची, करातली सूट घ्यायला घरमालक म्हणून काकांचा पॅन टाकला होता, वर्षाला १ लाखाच्या वर भाडं दाखवलं की मालकाचा पॅन द्यावा लागतो म्हणून. हा प्रकार वाटतो त्यापेक्षा फार जास्त चालतो आणि करणाऱ्याला वाटतं की यात कुणाचं काय नुकसान, तर नुकसान त्या काकांचं आहे, न मिळालेल्या भाड्याचा खुलासा त्यांना करत बसावा लागतो.

एआयएसच्या जोडीला २६एएसही उघडा, कुणी तुमच्या पॅनवर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर, भरलाय का ते तिथे दिसतं.

आता जीएसटी. यात लॉगिन वगैरे काही लागत नाही. जीएसटी डॉट गव्ह डॉट इन वर सर्च टॅक्सपेयरमध्ये पॅनने शोधायचा पर्याय आहे, पॅन टाका, त्या पॅनवर देशात जिथे जिथे जीएसटी नंबर घेतलेत ते सगळे येतात. आमच्या बिल्डिंगमध्ये पोळ्या करायला येणाऱ्या ताईंचं असंच निघालं. त्यांच्याकडे आलेली नोटीस इंग्रजीत, त्यांना वाटलं गॅसच्या सबसिडीचं काहीतरी आहे. पॅन टाकल्यावर एक जीएसटी नंबर आला, सुरुवात ०७ ने. जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन जसाच्या तसा. महाराष्ट्र २७, आणि ०७ म्हणजे दिल्ली. ताई आयुष्यात मावळच्या पलीकडे गेलेल्या नाहीत आणि दिल्लीत त्यांच्या नावाची ट्रेडिंगची फर्म चालू होती. मी तो नंबर कागदावर लिहिला आणि त्यांचं पॅन कार्ड शेजारी ठेवून मधली दहा अक्षरं बोट ठेवून एकेक करत जुळवून दाखवली, तेव्हा त्यांना पटलं की हे खरंच आपल्याच कार्डावर झालंय. ‘मग मी ह्ये पैसं भरायचं?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. नाही, भरायचे नाहीत, एक रुपयाही नाही.

अशा फर्म कशासाठी काढतात तर खोटी बिलं फाडायला. माल कुठे जात नाही, नुसती बिलं फिरतात, पुढचा त्यावर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, घेतो, आणि टॅक्सचं खातं जागं होतं तेव्हा कागदावर मालक म्हणून सापडतो तो एखादा मजूर, विद्यार्थी नाहीतर पोळ्या करणारी बाई.

शेवटी क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावर कुठली कर्जं आणि क्रेडिट कार्डं आहेत त्याची नोंद. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत, रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. चारही मागवा, कारण एखादं लोन ॲपवरचं कर्ज एकीकडे दिसतं आणि दुसरीकडे दिसत नाही. न घेतलेलं कर्ज, न मागितलेलं क्रेडिट कार्ड, आणि अर्ज केलाच नव्हता अशी चौकशी, तिन्हीवर खूण करा. वेळ असेल तर एमसीए, म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, पोर्टलवर आपल्या नावाने कुठल्या कंपनीचं डायरेक्टरपद तर नाही ना तेही बघून घ्या.

सगळ्याची पीडीएफ एका फोल्डरमध्ये, नावात तारीख टाकून. प्रिंटचे दोन संच काढा.

पोलिसांत तक्रार, ही आधी

पुढे इनकम टॅक्स असो, जीएसटी असो की बँक, सगळे पहिल्यांदा विचारतात पोलीस तक्रार केली का. म्हणून हिच्यापासून सुरुवात. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, त्यात तासांचाही फरक पडतो. पैसे गेले नाहीत, नुसता पॅन वापरला असेल, तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका आणि पोचपावतीचा नंबर जपून ठेवा. पण तेवढ्यावर थांबू नका, लेखी अर्ज घेऊन पोलीस स्टेशनलाही जा, पोर्टलची पोचपावती म्हणजे एफआयआर नव्हे.

नव्याने पुण्यात आलेल्यांचा गोंधळ होतो तो हद्दीचा. पुणे शहर पोलीस वेगळे, पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आणि पुणे ग्रामीण आणखी वेगळं. हिंजवडी, वाकडला राहात असाल तर पिंपरी-चिंचवड, कोथरूड किंवा हडपसर असेल तर पुणे शहर. फर्म दिल्लीत आहे तर दिल्लीला जा असं कुणी म्हणालं तर नम्रपणे झिरो एफआयआर हा शब्द उच्चारा, गुन्हा कुठेही घडलेला असला तरी तक्रार कुठल्याही स्टेशनला घ्यायची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. घेतलीच नाही तर तोच अर्ज वरिष्ठांना, म्हणजे शहरात डीसीपी आणि ग्रामीणला एसपी, रजिस्टर पोस्टाने पाठवायचा, आणि तरीही काही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही, पण कायदा माहीत असलेल्या माणसाशी बोलण्याची तऱ्हा बदलते हा अनुभव आहे.

अर्ज लांबलचक नको, एक पान पुरे. साधारण असा लिहा:

‘मी, अमुक, राहणार अमुक, अर्ज करते की माझ्या पॅन क्रमांकाचा माझ्या संमतीशिवाय वापर करून अमुक नावाने अमुक जीएसटी क्रमांक घेण्यात आला आहे. सदर व्यवसाय, त्यासाठी वापरलेला पत्ता, मोबाईल क्रमांक, ईमेल व बँक खाते यांच्याशी माझा कोणताही संबंध नाही. मला ही बाब अमुक तारखेला आयकर विभागाच्या नोटिशीवरून समजली. मी अमुक ठिकाणी अमुक काम करते व माझे उत्पन्न अमुक इतके आहे. माझे पॅन व आधार यांच्या प्रती मी यापूर्वी पुढील ठिकाणी दिल्या होत्या.’

आणि मग खरंच आठवून ती ठिकाणं लिहा. रूम घेताना एजंटला, भाडेकराराला, सिम घेताना, लोनची चौकशी केली तिथे, कुठल्यातरी योजनेचा फॉर्म भरून देतो म्हणून वस्तीत टेबल टाकून बसलेल्या माणसाला. ताईंनी यातला शेवटचाच प्रकार सांगितला. तपासाला खरा धागा इथून मिळतो म्हणून हा भाग उरकून टाकू नका. कलमं पोलीस लावतात, तरी माहीत असू द्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ सी हे ओळख चोरीचं, तीन वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड, ६६ डी हे तोतयेगिरीचं, आणि भारतीय न्याय संहितेत ३१८ फसवणूक, ३१९ तोतयेगिरी, ३३६ बनावट कागद. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर स्टेशनचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय परत यायचं नाही.

इथे एक कटू गोष्ट बोलणं भाग आहे. काही जणांनी दोन-पाच हजारांसाठी आपला पॅन, आधार, बँक खातं स्वतःहून कुणाला तरी वापरायला दिलेलं असतं, मित्र म्हणाला म्हणून, नोकरी लावतो म्हणाला म्हणून. तुमचं तसं असेल तर अर्जात ‘मला काहीच माहीत नाही’ असं खोटं लिहू नका. आधी वकिलाला भेटा, जे झालं ते खरं सांगा आणि मग लिहा. खोटी तक्रार पुढे उघडी पडते आणि मग तुम्ही फसलेले राहात नाही, आरोपी होता.

इनकम टॅक्सला उत्तर

एआयएसमधल्या चुकीच्या नोंदीसमोर फीडबॅकचं बटण असतं. त्यात माहिती बरोबर आहे, अंशतः चूक आहे, दुसऱ्या पॅनची किंवा दुसऱ्या वर्षाची आहे, दोनदा आलीय, माहिती नाकारतो असे पर्याय येतात. आपल्याला बहुधा शेवटचा, इन्फर्मेशन इज डिनाइड. भरल्यावर पावती येते ती ठेवा. हा फीडबॅक ज्याने माहिती कळवली त्याच्याकडे जातो आणि त्याने मान्य केलं का नाही ते आता एआयएसमध्येच दिसतं. त्याने नाकारलं तर त्या बँकेला किंवा कंपनीला वेगळं पत्र लिहा, केवायसीचे कागद कुठले घेतले होते त्याची प्रत मागा, खातं गोठवा म्हणून लिहा. फोटो दुसऱ्याचा, सही दुसऱ्याची, मोबाईल दुसऱ्याचा निघाला की तुमची बाजू एकदम भक्कम होते.

नोटिशीचं उत्तर पोर्टलवर ई-प्रोसीडिंग्जमध्ये द्यायचं. कर भरायची मागणी आली असेल तर आउटस्टँडिंग डिमांडमध्ये जाऊन असहमत हा पर्याय घ्यायचा आणि कारण लिहायचं. १४८ए ची नोटीस म्हणजे तुमचं जुनं वर्ष पुन्हा उघडायच्या आधी विचारलेला प्रश्न असतो, तुमचं म्हणणं मांडायची ती पहिली आणि सगळ्यात चांगली संधी, ती वाया घालवू नका. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून आला तरी त्याआधीच्या वर्षांचं प्रकरण जुन्या १९६१ च्या कायद्यानेच चालतं, त्यामुळे जुन्या कलमांचे नंबर दिसले म्हणून नोटीस खोटी समजू नका. उत्तराला पोलीस अर्जाची शिक्क्याची प्रत, जीएसटी तक्रारीची पावती, स्वतःच्या खऱ्या बँक खात्याचं स्टेटमेंट, कामाच्या ठिकाणचं पत्र जोडा. ज्या माहितीच्या आधारावर नोटीस दिली ती मला द्या, असंही स्पष्ट लिहा.

दोन चुका इथे फार होतात. पहिली, ‘थोडंसं उत्पन्न दाखवून रिटर्न भरून टाकू म्हणजे मिटेल’ असा सल्ला. ते उत्पन्न एकदा रिटर्नमध्ये दाखवलं की ते तुमचंच झालं, नंतर नाही म्हणायला जागा राहात नाही. दुसरी चूक लोभाची, २६एएस मध्ये परका टीडीएस दिसतो, पाचपंचवीस हजार असतात, मागून घेऊ म्हणतात. टीडीएस उत्पन्नाच्या मागे असतो, तो मागितला म्हणजे उत्पन्न मान्य केलं. सोडून द्या.

बरीच प्रक्रिया आता फेसलेस, म्हणजे अधिकाऱ्याला न भेटता ऑनलाईन, असली तरी हद्दीच्या अधिकाऱ्याला एक प्रत द्यावी असं माझं मत आहे. पोर्टलवर नो युवर एओ (एओ म्हणजे असेसिंग ऑफिसर) मध्ये तुमचा अधिकारी कोण ते कळतं. पुण्यात सॅलिसबरी पार्कला बोधी टॉवरमध्ये आयकर सदन आहे, पण जायच्या आधी आपला वॉर्ड कुठे बसतो ते पोर्टलवरून बघून घ्या, आणि आवकच्या काऊंटरवर शिक्का मारून घ्या. काहीच उत्तर आलं नाही तर पोर्टलवरच ग्रिव्हन्स टाकता येतो. हेल्पलाइन १८०० १०३ ००२५, एआयएससाठी वेगळी आहे १८०० १०३ ४२१५.

जीएसटीचा नंबर रद्द करून घेणं

जीएसटी पोर्टलवर पॅनच्या गैरवापराची तक्रार नोंदवता येते आणि ती जिथे तो नंबर घेतलाय तिथल्या अधिकाऱ्याकडे जाते. शिवाय नंबरवर क्लिक केलं की तो राज्याच्या अधिकाऱ्याकडे आहे का केंद्राच्या आणि कार्यालय कुठलं हे दिसतं, त्या कार्यालयाला वेगळं पत्र, ईमेलने आणि स्पीड पोस्टने. पत्रात मागणी नेमकी हवी: फसवणुकीने घेतलेली नोंदणी म्हणून जीएसटी कायद्याच्या कलम २९(२)(ई) खाली, नोंदणीच्या पहिल्या दिवसापासून रद्द करा. ‘पहिल्या दिवसापासून’ हे शब्द विसरू नका. आजपासून रद्द झालं तर मधल्या काळातली बिलं तुमच्याच नावावर राहतात.

स्वतः लॉगिन मिळवून नंबर सरेंडर करायचा अर्ज भरू नका, शून्याची रिटर्नं भरून द्या असं कुणी सुचवलं तर तेही नको. मालक म्हणून काहीही केलं की तुम्ही मालक ठरता. नंबर २७ ने सुरू होत असेल आणि पुण्याचाच असेल तर राज्य जीएसटीचं कार्यालय येरवड्याला एअरपोर्ट रोडवर आहे आणि केंद्राचं ससून रोडला वाडिया कॉलेजसमोर. रद्द झाल्याचा आदेश आला की त्याची प्रत लगेच इनकम टॅक्सच्या प्रकरणात जोडा, ही खाती एकमेकांना आपणहून काही कळवतील या भरवशावर राहू नका.

कर्ज दिसलं असेल तर

क्रेडिट रिपोर्ट देणाऱ्या कंपनीच्या साईटवर डिस्प्यूट, म्हणजे ही नोंद माझी नाही अशी हरकत, टाका आणि त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या बँकेला किंवा फायनान्स कंपनीला लेखी कळवा. ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून लागू आहे. ३० दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार जाते, चौकशीचा नंबर १४४४८. वसुलीवाले फोन करतील, एखादा हप्ता भरा म्हणजे स्कोर सुधारेल म्हणतील, भरू नका, आणि फोनवर वाद घालत बसण्यापेक्षा लेखी पाठवा एवढंच सांगा.

यापुढे गळती थांबवायची तर

आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, आधारच्या ॲपवरून किंवा साईटवरून होतं, आणि तिथेच मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे वापरलं त्याची यादीही मिळते, ती नीट वाचा. संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, अनोळखी नंबर तिथूनच बंदला टाकता येतो. झेरॉक्स देताना त्यावर आडवं लिहा, कुणाला, कशासाठी, कुठल्या तारखेला, आणि आधार मागितलं तर शेवटचे चार आकडेच दिसणारं मास्क्ड आधार द्या. आणखी एक, टॅक्सचं काम करून देणारे काही लोक पोर्टलवर स्वतःचाच मोबाईल आणि ईमेल टाकून ठेवतात, नोटीस येते ती त्यांना, तुम्हाला पत्ताच नाही. तुमच्या खात्यावर तुमचाच नंबर पाहिजे, सीए कितीही विश्वासाचा असला तरी.

ज्यांचा स्वतःचा खरा धंदा आहे त्यांचा पॅन तर उघडाच असतो, बिलावर छापलेल्या जीएसटी नंबरात तो बसलेला असतो. २०२३ साली दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली होती, तिने धोनी, शिल्पा शेट्टी अशा लोकांचे पॅन जीएसटी नंबरांतूनच उचलून क्रेडिट कार्डं काढली होती. तेव्हा दुकानदारांनी, फ्रीलान्सरांनी क्रेडिट रिपोर्ट बघायची सवय जास्तच लावून घ्यावी. आणि सगळ्यांनीच जून-जुलैमध्ये रिटर्न भरायच्या वेळी एआयएस आणि जीएसटीचा पॅन सर्च दोन्ही करावं, एकदा साफ झालेल्या पॅनवरही पुन्हा कुणी नंबर काढू शकतो कारण कागद तर त्याच्याकडे अजून आहेतच.

खर्चाचं काय

पोलीस, जीएसटी, इनकम टॅक्स, क्रेडिट डिस्प्यूट, कुठल्याच तक्रारीला फी नाही. लागतात त्या प्रिंट आणि पोस्टाचे पैसे. रक्कम मोठी असेल किंवा १४८ए ची नोटीस असेल तर उत्तर चांगल्या सीएकडून लिहून घेतलेलं बरं, पण कागद तुम्ही जमवून न्या, त्याचं काम अर्धं होतं आणि फीही. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, हेल्पलाइन १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. पोळ्यांच्या ताईंनाही तिथेच पाठवलं. जाताना नोटीस, पॅन, आधार, पोलीस अर्जाची शिक्क्याची प्रत आणि जीएसटी सर्चची प्रिंट घेऊन जा, आणि उत्तराची तारीख जवळ आली असेल तर तिथे बसल्या बसल्या ते पहिल्या वाक्यात सांगा.